एचपी, जखमा आणि उपचार: टेबलावर मार कसा चालवायचा

"भाला तुझ्या बरगड्यांतून आरपार गेलाय," डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सांगितलं. समोरच्याने कागदावर आपल्या एचपीतून (हिट पॉइंट्स, म्हणजे पात्र किती मार सोसेल तो आकडा) १९ वजा केले, "अजून २३ आहेत" म्हणाला आणि दाराला कुलूप आहे का ते विचारलं.

नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर रविवारी आमचा रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीचा, डाव बसतो, तिथला हा प्रसंग. तो डीएम मीच. भाला आरपार गेलेला माणूस कुलूप चाचपत बसत नाही हे सगळ्यांनाच कळत होतं, पण कागदावरचा आकडा काही वेगळंच म्हणत होता. मी आकड्याकडे न बघता वर्णन ठोकून दिलं आणि खेळाडूने वर्णनाकडे दुर्लक्ष करून आकडा वाचला.

नव्याने टेबल चालवायला घेतलेली मंडळी भेटली की याच चुका पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलंय. आधार डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा आहे, कारण आम्ही तीच जास्त खेळतो. दुसऱ्या एखाद्या खेळाने हेच काम जास्त नीट केलं असेल तर तेही सांगितलंय.

टेबलावर जखमेचे तीन हिशेब चालतात: आकडा, वर्णन आणि वेळ. बहुतेकांचा पहिला हिशेब ठीक असतो, दुसरा मनाला येईल तसा असतो आणि तिसरा कुणी ठेवलेलाच नसतो.

## डाव बसण्याआधी

### टप्पा १: कुठलं पुस्तक ते एकदा पक्कं करा

पाचव्या आवृत्तीची २०१४ ची पुस्तकं आहेत आणि २०२४ ची सुधारित आहेत. टेबलावर एकाकडे जुनं पुस्तक, दुसऱ्याकडे नवं आणि तिसऱ्याकडे मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली पानं, असा प्रकार असतो. लढाईच्या नियमांत त्याने फारसं बिघडत नाही. उपचारात मात्र बिघडतं, कारण नेमके तिथले आकडे बदलले आहेत.

क्युअर वूंड्स ही उपचाराची जादू २०१४ मध्ये १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणाचा अधिक-वजा आकडा) एवढे एचपी देते, २०२४ मध्ये २डी८. हीलिंग वर्ड ही तशीच दुसरी जादू, ती १डी४ ची २डी४ झाली. हीलिंग पोशन दोन्हीकडे २डी४+२ च आहे, पण २०१४ मध्ये ते प्यायला पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते आणि २०२४ मध्ये बोनस ॲक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कृतीत) काम होतं. लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) २०१४ मध्ये एकूण हिट डाइसपैकी (विश्रांतीत टाकून एचपी मिळवायच्या फाशांपैकी) निम्मेच परत मिळतात, २०२४ मध्ये सगळे. थकव्याचे, म्हणजे एक्झॉशनचे, नियम तर मुळापासून बदलले आहेत. जुन्यात सहा पायऱ्यांना सहा वेगवेगळे त्रास आहेत. नव्यात प्रत्येक पायरीला डी२० च्या प्रत्येक फेकीतून २ वजा आणि चालीतून ५ फूट कमी. सहाव्या पायरीला मरण दोन्हीकडे आहे.

एक पुस्तक निवडा आणि त्यालाच धरून राहा. "हे जुन्यातलं घेऊ, ते नव्यातलं घेऊ" असं करायचंच असेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं महिन्याभरात प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं होतं.

तपासा: क्लेरिक (उपचार करणारं पात्र) खेळणाऱ्याला विचारा, "तुझा क्युअर वूंड्स किती?" उत्तर तुमच्या पुस्तकाशी जुळलं तर पुढे चला.

### टप्पा २: एचपी म्हणजे रक्त नव्हे, हे टेबलाला सांगा

पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी कुणी वाचत नाही. एचपीमध्ये शरीराची ताकद येते, तशी मनाची चिकाटी आणि नशीबही येतं. पाचव्या पातळीचा फायटर (लढवय्या), कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) मॉडिफायर +२ आणि दर पातळीला ठरलेली सरासरी धरली, तर त्याचे ४४ एचपी होतात. पहिल्या पातळीला त्याचे १२ होते. त्याच्या अंगात रक्त काही चौपट झालेलं नाही. तो घाव चुकवायला शिकलाय.

२०१४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात यासाठी तीन थर दिले आहेत आणि माझ्या मते पाठ करावेत असे तेवढेच आहेत. कमालीच्या निम्म्यापर्यंत एचपी असताना अंगावर सहसा काही दिसत नाही. निम्म्याखाली गेलं की ओरखडे, खरचटणं, काळंनिळं. जो घाव शून्यावर नेतो, तो मात्र खरा लागतो.

इथे मराठीत खेळण्याचा फायदा आहे. आपल्याकडे दुखण्याच्या इतक्या छटा आहेत की इंग्रजी पुस्तकातली वाक्यं उसनी घ्यायची गरजच नाही. मी डीएमच्या पडद्याआड एक कागद चिकटवलाय, त्यावर तीन रकाने आहेत.

पहिल्या थरासाठी: घाव ढालीवर बसला आणि मनगटाला झिणझिण्या आल्या. पातं कानाजवळून चाटून गेलं. धाप लागली. पाय सटकता सटकता वाचला. तोल गेला. कवचाचा पट्टा तुटला.

दुसऱ्यासाठी: मुका मार बसला. दंडावर चीर गेली. ओठ फुटला. घोटा मुरगळला पण टेकतोय. पाठीवर वळ उठले. डोळ्यावर घाम आणि रक्त एकत्र येतंय.

तिसऱ्यासाठी: डोक्याला खोक पडली. बरगडीत कळ उठली आणि श्वासच अडकला. भोवळ आली. मांडीतून रक्ताची धार लागली. खांदा निखळला.

भाला आरपार जाण्याची जागा तिसऱ्या रकान्यात आहे. तेवीस एचपी शिल्लक असलेल्याला त्या रकान्यातलं काहीही द्यायचं नाही.

एक अपवाद आहे. विषारी सुई, साप, कोळी यांच्या बाबतीत विष अंगात भिनायला कातडी फाटावी लागते. त्यामुळे पूर्ण एचपीवर असलेल्यालाही सुईएवढा टोचा द्या. "विष लागलं, पण सुई लागली नाही" असं झालं की खेळाडू बरोबर हसतात.

सावधान: प्रत्येक फटक्याचं वर्णन करू नका. सहा खेळाडू, आठ गॉब्लिन आणि दर घावाला दोन वाक्यं असा बेत केला तर लढाई रात्री साडेअकरापर्यंत चालेल आणि खालचे काका वर येतील. थर बदलताना वर्णन करा. मधल्या फटक्यांना "सात लागले" पुरे.

### टप्पा ३: काय चालेल, काय नाही, ते आधी विचारा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि तेच टाळलं जातं. मीही टाळलं होतं. आमच्याकडे नव्याने आलेल्या एकाच्या पायात गाडीच्या अपघातानंतर रॉड घातलेला होता. मला माहीत नव्हतं. मी मोठ्या उत्साहाने नडगीचं हाड मोडल्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला. तो त्यानंतर तासभर काही बोलला नाही.

पहिल्या बैठकीला तीन गोष्टी विचारा. कुठल्या जखमेचं वर्णन नको (डोळे, भाजणं, हाडं, लहान मुलं ही नेहमी येणारी उत्तरं)? पात्राला कायमची इजा झालेली चालेल का? आणि पात्र मेलं तर चालेल का? चिठ्ठीवर लिहून घेतलं तर लाजणारेही लिहितात. कारण विचारू नका, ते तुमचं काम नाही.

## लढाई चालू असताना

### टप्पा ४: एका फटक्याचा क्रम

क्रम चुकला की आकडा चुकतो आणि आकडा चुकला की वाद सुरू होतो. तो असा ठेवा:

१. डॅमेजचे फासे टाका, अधिक-वजा मॉडिफायर लावा.
२. ठरावीक आकड्याने कमी करणारं काही असेल तर ते वजा करा.
३. रेझिस्टन्स असेल तर निम्मं करा, अपूर्णांक खाली सोडा.
४. व्हल्नरेबिलिटी असेल तर दुप्पट करा.
५. टेम्पररी (तात्पुरत्या, वरच्या) एचपीतून आधी काढा, उरलेलं खऱ्या एचपीतून.
६. काँसंट्रेशन चालू असेल, म्हणजे एखादी जादू लक्ष देऊन टिकवून धरली असेल, तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाची फेक).
७. थर बदलला का पाहा. बदलला असेल तर वर्णन.

उदाहरण घ्या. जादूगारावर २७ चा आगीचा मार आला. आगीला रेझिस्टन्स आहे, म्हणून १३. टेम्पररी एचपी ५ होते ते गेले, खऱ्या एचपीतून ८ गेले. आता काँसंट्रेशनचा डीसी (फेकीत गाठायचा आकडा): १० किंवा डॅमेजच्या निम्मा, यातला मोठा. इथे डॅमेज १३ धरायचं, ८ नाही. निम्मं ६, म्हणजे डीसी १०. टेम्पररी एचपीने सगळाच मार पेलला असता तरी सेव्ह टाकावाच लागला असता. हे खेळाडूंना अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे.

टेम्पररी एचपीबद्दल आणखी दोन गोष्टी. ते एकावर एक चढत नाहीत. आधीचे ८ असताना नवे १० मिळाले तर ८ ठेवायचे की १० घ्यायचे ते निवडा, १८ होत नाहीत. आणि ते उपचार नाहीत. शून्यावर पडलेल्याला टेम्पररी एचपी दिले तरी तो शुद्धीवर येत नाही.

आता पडण्याचा हिशेब. आमच्या एका डावात हरिहर गडाच्या त्या उभ्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या होत्या. ज्यांनी त्या चढल्यात त्यांना सांगायला नको. खोबणीतून हात सुटला आणि पात्र ६० फूट खाली गेलं असं धरा. दर १० फुटांना १डी६, म्हणजे ६डी६, सरासरी २१. सात एचपीचा पहिल्या पातळीचा जादूगार असेल तर ७ ला शून्यावर आला आणि १४ उरले. उरलेलं डॅमेज कमाल एचपीएवढं किंवा जास्त असेल तर पात्र जागीच मरतं, डेथ सेव्ह (मरणाच्या दारातली फेक, टप्पा ५ मध्ये आहे) नाही. हा नियम नव्या डीएमना हमखास आठवत नाही. पहिल्या दोन पातळ्यांना तो हाताशी ठेवा.

त्याच पायऱ्यांवरून ४४ एचपीचा फायटर पडला तर तो कपडे झटकून उठतो. इथे आकडा आणि डोळ्यांसमोरचं चित्र यांचं खरंच फाटतं. अशा वेळी मी आकडा तसाच ठेवतो आणि टप्पा ८ मधलं जखमेचं कार्ड देतो. डॅमेज वाढवू नका. "इतक्या उंचीवरून पडलास म्हणजे मेलासच" हे फासे टाकल्यानंतर म्हणणं म्हणजे डाव मोडणं.

### टप्पा ५: शून्यावर गेल्यावर

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश घेऊ.

शून्यावर गेलेलं पात्र बेशुद्ध होतं, आडवं पडतं, हातातली वस्तू सुटते. ऋण आकडे नाहीत. २० चा मार खाऊन शून्यावर गेला आणि नंतर ५ चा उपचार मिळाला, तर एचपी ५. आधी शून्याखालची उधारी फेडा, असं काही नसतं. जुन्या आवृत्त्या खेळलेला एखादा दादा टेबलावर असेल तर तो वाद घालेल. त्याला प्रेमाने पुस्तक दाखवा.

डेथ सेव्ह पडल्या पडल्या टाकायचा नाही. त्याची स्वतःची पाळी आली की सुरुवातीला टाकायचा. डी२० वर १० किंवा जास्त म्हणजे यश. तीन यशं झाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. यशं सलग असायला नकोत. नुसता १ आला तर दोन अपयशं. २० आला तर १ एचपी घेऊन उठतो. कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर मिळवायचा नाही, पण हा सेव्हिंग थ्रोच आहे, म्हणून ब्लेस या जादूचा डी४ मात्र मिळतो.

पडलेल्याला पुन्हा मार बसला तर एक अपयश, क्रिट (वर्मी बसलेला घाव) असेल तर दोन. आणि पाच फुटांच्या आतून मारलेला घाव बेशुद्धावर लागला की तो क्रिटच असतो. म्हणजे शेजारच्या लांडग्याने पडलेल्याला एकदा चावा घेतला की दोन अपयशं. एखादं आधीच असेल तर संपलं. ही गोष्ट डीएमला माहीत हवी आणि खेळाडूंनाही आधी माहीत हवी. मी पहिल्याच लढाईत सांगून टाकतो: भुकेलं जनावर पडलेल्याला ओढून नेईल, पैशासाठी लढणारा दरोडेखोर उभ्या असलेल्याकडे वळेल. नंतर कुणी "मुद्दाम मारलंस" म्हणत नाही.

आता उठाबशांचा प्रश्न. हीलिंग वर्ड ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये. पात्र पडतं, क्लेरिक शब्द टाकतो, पात्र उठून वार करतं, पुन्हा पडतं. तिसऱ्या फेरीपर्यंत मरणाची भीती पार निघून जाते. त्यावर चालणारा घरगुती नियम असा: शून्यावरून उठताना दर वेळी एक्झॉशनची एक पायरी. २०२४ च्या पुस्तकासोबत हा छान चालतो, कारण दोन-दोनने फेक उतरत जाते. २०१४ सोबत जपून वापरा. तिथे तिसऱ्या पायरीला सगळ्या हल्ल्यांवर आणि सेव्हवर डिसॲडव्हांटेज (दोनदा फेकून लहान आकडा घ्यायचा) येतो, चौथीला कमाल एचपी निम्मे होतात आणि लाँग रेस्टला एकच पायरी उतरते. दोन लढायांत फायटर कायमचा आजारी. जुन्या पुस्तकात मी "एका लढाईत पहिलं उठणं फुकट" असं ठेवलंय.

पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने हे मुळातच सोडवलंय. तिथे पडलं की "डाइंग १", क्रिटने पडलं तर "डाइंग २", आणि चारला मृत्यू. उठलात की "वूंडेड १" चिकटतं. पुन्हा पडलात तर डाइंगच्या आकड्यात वूंडेडचा आकडा मिळतो, म्हणजे दर पडण्याला मरण एक पाऊल जवळ. कुणी सारख्या उठाबशांना वैतागला असेल तर त्याला मी हेच पुस्तक चाळायला सांगतो.

तपासा: उपचार मिळाला किंवा पात्र स्थिर झालं की डेथ सेव्हच्या दोन्ही ओळी पुसल्या का? जुन्या खुणा राहून गेल्यामुळे विनाकारण मेलेलं एक पात्र मला ठाऊक आहे.

### टप्पा ६: जागेवरचा उपचार

स्थिर करणं आणि बरं करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिसिनचा (वैद्यकीच्या कौशल्याचा) डीसी १० चा चेक जमला की पात्र स्थिर होतं, म्हणजे डेथ सेव्ह थांबतात. एचपी शून्यच राहतात, शुद्ध येत नाही. कुणीच काही केलं नाही तर १डी४ तासांनी १ एचपी येतो. हीलर्स किट जवळ असेल तर चेकसुद्धा लागत नाही. ५ सोन्याच्या नाण्यांत १० वेळा वापरता येतं. तरीही प्रत्येक नवी टोळी दोर, मशाली आणि कुदळ घेते, किट घेत नाही.

पोशनचं चित्र प्रत्येक टेबलाने आपलं करावं. आमच्याकडे ते कडू काढ्यासारखं असतं, हळदीचा वास येतो आणि प्यायल्यावर तोंड वाकडं केल्याशिवाय एचपी मिळत नाहीत. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही.

भयकथा खेळत असाल, कॉल ऑफ क्थुलहूची सातवी आवृत्ती, तर हे सगळं विसरा. तिथला माणूस माणूसच राहतो. कॉन्स्टिट्यूशन आणि साइज यांच्या बेरजेला १० ने भागा, तेवढे एचपी. दोन्ही ६० असतील तर १२. एकाच घावात कमालीच्या निम्मे किंवा जास्त गेले, इथे ६, तर ती मेजर वूंड. मेजर वूंडसह शून्यावर आलात तर दर फेरीला कॉन्स्टिट्यूशनची फेक, आणि चुकली की मृत्यू. फर्स्ट एडने माणूस तात्पुरता टिकतो, पुढे मेडिसिन लागतं. एरवी फर्स्ट एडने मिळतो १ एचपी, मेडिसिनने १डी३. घरी पडून राहिलात तर साध्या जखमेला दिवसाला १, आणि मेजर वूंड असेल तर आठवड्यातून एकदा फेक टाकून बघायचं.

या खेळाचा नेहमीचा काळ १९२० चं दशक. तो पंचवटीतल्या एखाद्या वाड्यात आणून बसवलात तर एक लक्षात ठेवा. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा आहे, औषध म्हणून ते हाती आलं १९४० च्या दशकात. त्यामुळे गंजक्या खिळ्याने फाटलेला तळवा चिघळणं ही तिथे खरी धास्ती आहे. भूत नंतर येऊ द्या.

सावधान: डी अँड डीतली सवय घेऊन क्थुलहू चालवू नका. दर सेशनला एक लढाई ठेवलीत तर तिसऱ्या रविवारी सगळे नवं पात्र बनवत बसलेले असतील.

## लढाई संपल्यावर

### टप्पा ७: वेळेचा हिशेब

बाकीचं काही नाही केलंत तरी एवढं करा. उपचाराची किंमत सोन्यात कमी आणि तासांत जास्त मोजली जाते. तास मोजले नाहीत तर उपचार फुकट होतो, आणि फुकट उपचार असलेल्या खेळात जखमेला अर्थ उरत नाही.

शॉर्ट रेस्ट म्हणजे किमान एक तास. त्यात हिट डाइस खर्च करता येतात. फायटरचा डी१०, दर फाशाला कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर वेगळा मिळवायचा. पाच फासे टाकले आणि +२ एकदाच मिळवला, ही चूक मी दर महिन्याला पाहतो. त्यात ८ एचपी बुडतात.

लाँग रेस्ट आठ तासांचा. २०१४ च्या नियमात चोवीस तासांत एकच, आणि २०२४ मध्ये एक संपला की पुढचा सुरू करायला सोळा तास थांबायचं. सकाळी नऊला लढाई झाली आणि साडेनऊला "आम्ही झोपतो" असं नाही चालत. आणखी एक दुर्लक्षित अट: रेस्ट सुरू होताना किमान १ एचपी हवा. स्थिर पण बेशुद्ध असलेल्याला झोपवून सकाळी पूर्ण बरा करता येत नाही. आधी त्याला शुद्धीवर आणा.

मी वेळ कशी मोजतो? मागच्या वर्षीचं कालनिर्णय. पान टेबलावर पसरतो, खेळातला दिवस पेन्सिलीने गोल करतो आणि चौकटीत सकाळ-दुपार-रात्र अशा तीन रेघा. रेस्ट घेतला की रेघ काट. त्याच चौकटीत शत्रू काय करतोय तेही लिहितो: "मंगळवार, वेढा घालणाऱ्यांना शिधा पोचला." रामशेजच्या वेढ्यावर बेतलेल्या आमच्या डावात यानेच जान आली. किल्ल्यातला माणूस दोन दिवस पडून बरा होऊ शकत होता, पण त्या दोन दिवसांत खंदकाकडच्या फळ्या वर सरकत होत्या. झोपायचं की जखमी अवस्थेत बाहेर पडायचं, यावर खेळाडू अर्धा तास भांडले. मी चहा पीत बसलो होतो.

जखमा आणखी जड हव्या असतील तर २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात ग्रिटी रिॲलिझम नावाचा पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट आठ तास, लाँग रेस्ट सात दिवस. प्रवासाच्या खेळाला, म्हणजे आठवड्याला एखादीच लढाई असेल तर, तो शोभतो. एकाच भुयारात सलग सहा खोल्या असतील तर मुळीच वापरू नका. आणि वापरण्याआधी जादूगार खेळणाऱ्याला विचारा, कारण त्याच्या जादूसुद्धा लाँग रेस्टवरच परत येतात. अर्ध्या वाटेत नियम बदलून त्याला आठवडाभर नुसतं बसवून ठेवणं बरं नाही.

### टप्पा ८: रेंगाळणारी जखम कार्डावर लिहा

२०१४ च्या डीएमच्या पुस्तकात कायमच्या इजांचा एक तक्ता आहे, ऐच्छिक. क्रिट लागला, शून्यावर गेला किंवा डेथ सेव्ह पाच किंवा जास्तने चुकला, की फासा टाका: डोळा गेला, हात गेला, लंगडणं, व्रण. आम्ही तो तीनही अटींसह दोन महिने चालवला. पुढे उभं राहून मार झेलणाऱ्यांनाच तो सारखा लागला आणि मागून जादू टाकणारे ठणठणीत राहिले. आता फक्त शून्यावर नेणारा क्रिट ही एकच अट ठेवली आहे, आणि काय झालं ते तक्ता ठरवत नाही, खेळाडू ठरवतो.

त्यासाठी पद्धत उसनी घेतली आहे दोन खेळांकडून. फेटमध्ये जखम हे एक वाक्य असतं. हलकी जखम २ चा मार गिळते, मधली ४ चा, गंभीर ६ चा, आणि ते वाक्य भरून येईपर्यंत समोरचा त्याचा फायदा घेऊ शकतो. ब्लेड्स इन द डार्कमध्ये इजेच्या पायऱ्या आहेत. पहिलीने कामाचा परिणाम घटतो, दुसरीने एक फासा कमी मिळतो, तिसरीला मदत घेतल्याशिवाय काही करता येत नाही. बरं होण्यासाठी चार घरांचं एक घड्याळ भरायचं, भरलं की सगळ्या इजा एकेक पायरी उतरतात.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजू कापून आम्ही कार्डं केली आहेत. प्रत्येकावर चार ओळी:

नाव: उजवा घोटा मोडलाय.
काय अडतं: धावणं नाही, चढताना डिसॲडव्हांटेज.
कशाने बरं: पट्टी, काठी, आणि मेडिसिनचे तीन यशस्वी चेक, दिवसाला एकच.
घड्याळ: चार घरं, रिकामी.

"काय अडतं" या ओळीवर वेळ घालवा. नुसतं "वजा २" लिहिलं तर दोन सेशननंतर कुणाला आठवत नाही. "चढता येत नाही" लिहिलं तर टोळी वाट बदलते. त्याच घोट्यामुळे आमची मंडळी अंजनेरीच्या वाटेने वर न जाता पायथ्याच्या गावात दोन दिवस थांबली, आणि तिथेच त्यांना पुढचं सगळं सापडलं.

जादूने काय सुटतं तेही आधी ठरवा. पुस्तकाप्रमाणे तुटलेला अवयव परत आणायला रीजनरेट लागतो, तो सातव्या पातळीचा. मेलेल्याला रिव्हिव्हिफाय एका मिनिटाच्या आत आणि ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्चून, रेझ डेड दहा दिवसांच्या आत आणि ५०० चा. जादूवर बंदी घालू नका, हिरे मोजा. पेठेत हिरा मिळतो का, कोण विकतो, मागच्या वेळी किती घेतले, एवढं तुमच्या हातात ठेवलंत की पुरे.

सावधान: कायमची इजा झालेल्या पात्राला तिच्यावरून टोपणनाव देऊ नका, आणि बाकीच्यांनी दिलं तर तिथेच थांबवा. खेळाडूला ते पात्र पुढे चालवायचंय. एक डोळा गेलेला तिरंदाज चार सेशननंतर सवयीने सरावू शकतो, दंड पुसून टाका आणि व्रण राहू द्या.

### टप्पा ९: उठण्याआधी पाच मिनिटं

साडेदहा झालेले असतात, कुणाला सिडकोला जायचं असतं, कुणाला सातपूरला, आणि सगळे फासे गोळा करत असतात. तरीही थांबवा. प्रत्येकाने आत्ताचे एचपी, उरलेले हिट डाइस, एक्झॉशनची पायरी आणि किटचे उरलेले वापर मोठ्याने सांगायचे. डीएमने लिहायचे. जखमेची कार्डं आणि कालनिर्णयचं पान यांचा मोबाइलवर एक फोटो.

पुढच्या रविवारी कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच, "मी तर पूर्ण एचपीवर होतो." तेव्हा काही न बोलता फोन पुढे करा.